राणीच्या बागेत, सगळ्यांनी

घरातल्या सगळ्यांनी मिळून बाहेर जायचं ठरलं की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. पहिलं मुलांचं, ‘मला वाघ बघायचाय.’ दुसरं घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं, ‘तुम्ही जाऊन या, मी घर राखते.’ पहिलं वाक्य दिवसातून दहा वेळा म्हटलं जातं, म्हणून ते सगळ्यांच्या लक्षात राहतं. दुसरं एकदाच, तेही हसत हसत म्हटलं जातं, म्हणून ते कुणी फारसं मनावर घेत नाही. मंडळी चपला घालतात, दार ओढून घेतात आणि निघतात.

या दोन्ही वाक्यांना एकाच दिवसात कसं बसवायचं, याबद्दल आज बोलायचं आहे. निमित्त मुंबईतल्या भायखळ्याच्या राणीच्या बागेचं. तुमच्या गावातलं प्राणिसंग्रहालय दुसरं असेल, तिथले प्राणीही वेगळे असतील, पण घर घेऊन बाहेर पडण्याची रीत सगळीकडे सारखीच आहे.

ही बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. आज कागदोपत्री नाव आहे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण टॅक्सीवाला, भाजीवाली आणि माझी अम्मी, तिघांच्याही तोंडी ती राणीची बागच. कोकणातून कुणी पाहुणा आला की त्याला गेटवे, हाजीअली आणि राणीची बाग दाखवल्याशिवाय परत धाडायचं नाही, असा आमच्या चाळीतला दंडक होता. पाहुणा गावी जाऊन सांगायचा, मुंबईत वाघ पाहिला. मुंबईत माणसं किती पाहिली, हे कुणी विचारत नसे.

अशा सहली बिघडतात कशानं? प्राण्यांमुळे तर नक्कीच नाही. निघायला उशीर होतो, ऐन बाराच्या उन्हात आपण फाटकाशी पोचतो, आणि तिकिटाचे पैसे वसूल व्हावेत म्हणून प्रत्येक पिंजऱ्यासमोर एकेक मिनिट उभं राहत सगळी बाग पालथी घालायला बघतो. दोन तासांत धाकट्याला झोप येते, थोरल्याला तहान लागते, म्हाताऱ्या माणसाचे गुडघे बोलू लागतात आणि उरलेला दिवस कोणावर तरी चिडण्यात जातो. म्हणून माझा एक साधा नियम आहे. बेत आखायचा तो घरातल्या सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या पावलांनी. ते माणूस चार वर्षांचं असेल किंवा अठ्ठ्याहत्तर वर्षांचं. बहुतेक घरांत दोन्ही असतात, आणि गंमत म्हणजे दोघांची चाल सारखीच असते.

आधी वार ठरवूया. राणीची बाग बुधवारी बंद असते. पुष्कळ लोक हे फाटकापर्यंत जाऊन कळून घेतात आणि मग रखवालदाराशी हुज्जत घालतात. ही सुट्टी कर्मचाऱ्यांच्या सोयीपुरती नाही. आठवड्यातून किमान एक दिवस प्राणिसंग्रहालय लोकांसाठी बंद ठेवावं, असं केंद्र सरकारचे नियमच सांगतात. सहा दिवस हजारो डोळे अंगावर घेतल्यावर प्राण्यांनाही एक दिवस निवांत हवा, आणि पिंजऱ्यांची नीट साफसफाई, डागडुजी करायलाही तो लागतो. बुधवारी सरकारी सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद, अशीही पद्धत आहे. तेव्हा निघण्यापूर्वी एकदा चौकशी करावी.

नोकरदार घराला रविवारच सोयीचा, हे खरं. पण रविवार साऱ्या मुंबईलाच सोयीचा असतो. शाळांची मे महिन्याची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, नाताळचा आठवडा, या दिवसांत पिंजऱ्यापुढे प्राण्यापेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसतात. आणखी एक दिवस सांगतो, तो आमच्या मोहल्ल्यांतल्या लोकांना पक्का ठाऊक आहे. ईदचा दुसरा दिवस, ज्याला आम्ही बाशी ईद म्हणतो. मदनपुरा, नागपाडा, डोंगरी इथली कुटुंबंच्या कुटुंबं त्या दिवशी नवे कपडे घालून, लेकरांच्या हातात ईदी देऊन राणीच्या बागेकडे लोटतात. लहानपणी मीही त्या गर्दीत नवा सदरा घालून मिरवलो आहे. ती गर्दी हाच एक उत्सव असतो आणि तो पाहायला जरूर जावं. पण वाघ पाहायचा असेल, तर बाशी ईद नको. शक्य असेल तर एखाद्यानं मधल्या वारी रजा टाकावी. वर्षाकाठी एवढी एक रजा घराच्या खाती घालायला हरकत नाही.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मुंबईत थंडी अशी नसतेच, पण सकाळची हवा तरी अंगाला चिकटत नाही. पावसाळ्यात झाडं न्हाऊन हिरवीगार होतात, पण वाटा निसरड्या होतात आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरला तर सहल तिथंच संपते. उन्हाळ्यात जायचंच असेल तर बाग उघडायच्या वेळेला फाटकावर असावं. साडेनऊच्या सुमाराला दार उघडतं. दुपारी साडेबारापर्यंतचे तीन तास आपले. त्यानंतर माणूसही मलूल होतो आणि जनावरही.

पोचायचं कसं? मध्य रेल्वेच्या भायखळा स्थानकावर उतरून पूर्वेला बाहेर पडावं. हे स्थानक म्हणजे देशातल्या सर्वांत जुन्या स्थानकांपैकी एक. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली गाडी धावली ती याच वाटेनं. मुलांना फलाटावर उभं करून एवढं सांगितलं तरी सहलीला सुरुवात झाली म्हणायची. रविवारी जाणार असाल तर आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मेगाब्लॉक पाहून ठेवा. तो बहुधा सकाळी उशिरा सुरू होऊन दुपारपर्यंत चालतो. म्हणजे जाताना नाही, तर नेमका परतताना, मुलं पेंगुळलेली असताना आडवा येतो.

स्थानकापासून बाग धडधाकट माणसाला चालत दहा-बारा मिनिटांवर. पण ती धडधाकट माणसाची मिनिटं झाली. सोबत वयस्क माणूस असेल तर त्याचे पाय रस्त्यावर खर्च करू नका, बागेसाठी राखून ठेवा. उपनगरातल्या मंडळींना एक आठवण द्यायला हवी. शहराच्या या भागात रिक्षा चालत नाहीत. टॅक्सीवाला जवळचं भाडं म्हणून मान हलवेल. त्याला आधीच सांगावं, सोबत आई आहे, दहा रुपये वर घे. आई म्हटल्यावर बहुतेक टॅक्सीवाले दार उघडतात, असा माझा अनुभव आहे.

आता पैशांचा हिशेब. अनेक वर्षं राणीच्या बागेचं तिकीट मोठ्यांना पाच रुपये आणि लहानांना दोन रुपये होतं. ऑगस्ट २०१७ पासून महापालिकेनं ते वाढवलं. बारा वर्षांवरच्यांना पन्नास, तीन ते बारा वर्षांच्या मुलांना पंचवीस, आणि आईवडील व दोन मुलं अशा चौघांच्या कुटुंबाला मिळून शंभर रुपये, असे दर तेव्हा ठरले. जाण्यापूर्वी ताजे दर विचारून घ्यावेत, कारण दर बदलायला वेळ लागत नाही. या वाढीवर तेव्हा बरीच ओरड झाली, ती अकारण नव्हती. ही बाग गिरणगावाच्या उशाशी आहे. गिरणीतला कामगार पगार झाल्यावर बायकामुलांना घेऊन यायचा तो इथंच. पाच रुपयांना आत येणाऱ्या माणसाला पन्नास रुपये म्हणजे दहापट. तरीही चौघांना शंभर रुपयांत अर्धा दिवस सावलीत काढता येईल अशा जागा या शहरात आता बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. तेव्हा कुटुंबाचं तिकीट मागून घ्या. खिडकीवरचा माणूस स्वतःहून सांगेलच असं नाही. ज्येष्ठांसाठी काही सवलत आहे का, चाकांची खुर्ची मिळते का, हेही तिथंच विचारावं. विचारायला पैसे पडत नाहीत.

पिशवीत काय असावं? पाणी, टोपी, एक पातळ चादर, ओला करायला रुमाल, आणि म्हाताऱ्या माणसाची दुपारची गोळी. ही गोळी नेमकी घरी राहते. खाण्याचं आत काय नेता येतं, याची सूचना फाटकापाशी लावलेली असते, ती वाचावी. माझ्या मते घरून पोटभर न्याहारी करून निघावं आणि जेवायचं ते बाहेर पडल्यावर. मध्ये खाणं आलं की सहलीचा अर्धा वेळ डबे उघडण्यात आणि कावळे हाकलण्यात जातो. मुलांच्या खिशात घरच्या दोन मोबाइलचे नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. आत शिरताच सगळ्यांना एक जागा दाखवून ठेवा, चुकामूक झाली तर इथं येऊन उभं राहायचं. प्रवेशाजवळ घड्याळाचा उंच मनोरा आहे, त्यासारखी खूण नाही. मुलालाही तो आठवतो आणि आजीलाही.

आत गेल्यावर काय पाहायचं? माझं उत्तर आहे, चार गोष्टी. पाचवी जमली तर नशीब समजावं. या हिवाळ्यात आम्ही घरचे सात जण गेलो होतो. अम्मी, मी आणि बायको, मुलगी, जावई आणि त्यांची दोन मुलं. अम्मीनं आदल्या रात्री नेहमीप्रमाणे घर राखायचं जाहीर केलं होतं. मी तिला म्हटलं, घराला कुलूप आहे, ते राखेल. मग बायकोनं तिच्यासमोर कागद ठेवून विचारलं, तुम्हाला काय पाहायचंय? अम्मी जरा वेळ गप्प राहिली. तिला हा प्रश्न बहुधा बऱ्याच वर्षांत कुणी केला नव्हता. मग म्हणाली, ‘पाणघोडा. आणि सावलीत बसायचंय.’ थोरलीनं पेंग्विन लिहायला लावला, धाकट्यानं वाघ. मुलीला पक्षी हवे होते. झाला कागद. सात जणांचा दिवस त्या चार ओळींत बसला.

पेंग्विन आधी पाहावेत, कारण तिथं रांग सर्वांत मोठी लागते. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातल्या सोल शहरातून आठ हम्बोल्ट पेंग्विन इथं आणले गेले. त्यातली एक मादी काही महिन्यांतच दगावली. मार्च २०१७ पासून लोकांना ते पाहता येऊ लागले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पहिलं पिल्लू जन्मलं, तेही आठवडाभरात गेलं. नंतर मात्र पिल्लं जगली आणि वाढली. मुंबईच्या घामट हवेत हा बर्फातला पक्षी कशाला, असा वाद तेव्हा रंगला होता. त्यात एक गोष्ट मुलांना समजावून सांगण्यासारखी आहे. हम्बोल्ट पेंग्विन बर्फातला नाहीच. तो दक्षिण अमेरिकेत पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर राहतो. तो किनारा चक्क वाळवंटी आहे. पण समुद्रातून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो, त्यात भरपूर मासे असतात, आणि त्यावर हा पक्षी जगतो. म्हणून इथल्या काचेमागे सोळा ते अठरा अंशांच्या आसपास तापमान ठेवतात, गोठवणारं नाही. वर्षातून एकदा त्याची सगळी पिसं झडून नवी येतात. त्या दिवसांत पाणी अंगात मुरतं म्हणून तो पाण्यात उतरत नाही, खातही नाही, नुसता कोपऱ्यात उभा राहतो. अशा वेळी काचेवर टकटक करून त्याला पळवायला पाहणारे लोक असतात. मुलांना आधीच सांगून ठेवावं, तो आजारी नाही आणि रुसलेलाही नाही, कपडे बदलतोय. आमच्या धाकट्याला हे इतकं पटलं, की त्यानं काचेकडे पाठ फिरवली. कुणी कपडे बदलत असताना बघायचं नसतं म्हणाला.

मग वाघ. फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी इथं आली, आणि बऱ्याच वर्षांनी राणीच्या बागेत वाघ दिसू लागला. पूर्वीचे गजांचे पिंजरे जाऊन मोठ्या जागा आणि काचेच्या भिंती आल्या आहेत. वाघ पाहताना बहुतेकांचा विरस होतो, कारण तो झोपलेला असतो. झोपणं हेच त्याचं दिवसाचं काम आहे. जंगलातही तो संध्याकाळी, रात्री आणि पहाटे हिंडतो. शिकार साधणं अवघड असतं, दहा वेळा झेप घ्यावी तेव्हा एखादी पदरात पडते. म्हणून उरलेला वेळ ताकद राखून ठेवायची. सकाळी लवकर गेलं तर तो फेऱ्या मारताना दिसण्याची शक्यता जास्त. उशिरा गेलात आणि तो झोपलेला सापडला, तर झोपलेला वाघ पाहावा. त्याची कूस वर-खाली होते, कान मधूनच हलतो, माशी बसली की कातडी थरथरते. झोपलेला वाघ इतक्या जवळून जंगलात कुणाला पाहायला मिळणार?

पाणघोडा अम्मीच्या वाट्याचा. ती कठड्याशी उभी राहिली आणि पाण्यातून दोन कान आणि दोन नाकपुड्या तेवढ्या वर आलेल्या. मुलं म्हणाली, दिसतच नाही. मग पुढे चला म्हणून ओढू लागली. अम्मी हलेना. पाणघोडा दिवसभर पाण्यात असतो कारण त्याची कातडी उन्हात फार लवकर सुकते. तिच्यातून तांबूस चिकट द्रव पाझरतो, तो उन्हापासून राखण करतो. लोकांना वाटतं रक्त आलं. एका दमात तो चार-पाच मिनिटं पाण्याखाली राहू शकतो. म्हणजे त्याला पाहायचं तर निदान पाच मिनिटं तरी एका जागी उभं राहायला हवं. पर्यटक सरासरीनं तेवढा वेळ उभा राहत नाही. अम्मी राहिली, कारण तिला तशीही पुढे पळायची घाई नव्हती. आणि त्यानं तोंड उघडलं. केवढं थोरलं तोंड, आत गुलाबी घळ! आजूबाजूची पोरं ओरडली. आमची दोन्ही नातवंडं आजीकडे अशी पाहू लागली, की जणू तिनंच त्याला तोंड उघडायला लावलं. हळू चालणाऱ्या माणसाचा फायदा तो असा.

पक्ष्यांसाठी २०२० सालापासून एक मोठं जाळीचं दालन आहे. त्यात आपणच आत शिरतो आणि पक्षी मोकळे असतात. तिथं आवाज न करता चालावं. पण मुलांना हेही दाखवा, की बागेतल्या उघड्या झाडांवरच्या घारी, कावळे, पोपट आणि खारी यांना कुणी आणलेलं नाही, त्या आपणहून राहायला आल्या आहेत.

आता थोडं वागण्याविषयी. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला खायला घालणं, त्याला डिवचणं, आरडाओरडा करून त्रास देणं आणि आवारात कचरा टाकणं या गोष्टींना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं मनाई आहे. पण कायद्याचं नाव घेऊन मुलं ऐकत नाहीत, कारण सांगितलं तर ऐकतात. माकडाला वेफर्स दिले तर त्याचं पोट बिघडतं, आणि आपलं पोट दुखतंय हे त्याला डॉक्टरला सांगता येत नाही. हरणानं प्लास्टिकची पिशवी गिळली तर ती त्याच्या पोटात अडकून बसते. मगर जबडा उघडून तासन्‌तास निश्चल पडते, तेव्हा ती अंगातली उष्णता बाहेर टाकत असते. ती खरी आहे की खोटी हे पाहायला दगड मारायची गरज नसते. आणि खरं सांगायचं तर दगड मारणारी मुलं थोडीच असतात. ‘थांब, मी उठवून दाखवतो’ म्हणणारे त्यांचे वडील जास्त असतात.

एक प्रश्न मात्र मुलं विचारतातच. आमच्या थोरलीनंही विचारला. ‘नाना, यांनी काय गुन्हा केला?’ या प्रश्नाची तयारी घरूनच करून जावी. माझ्याकडे गुळगुळीत उत्तर नाही. मी तिला सांगितलं, की यांनी काही गुन्हा केलेला नाही. पूर्वी माणसं केवळ हौसेखातर प्राणी कोंडत. पुढे जंगलं आटली, काही जातीच संपायला आल्या, तेव्हा त्यांची पैदास आणि राखण करायलाही अशा जागा लागू लागल्या. १९९२ साली देशातल्या सगळ्या प्राणिसंग्रहालयांवर देखरेख ठेवणारं केंद्रीय प्राधिकरण स्थापन झालं आणि पिंजरा किती मोठा हवा, डॉक्टर हवा की नको, याचे नियम आले. नियम पाळले जातात तिथं प्राणी बरा राहतो, नाही तिथं तो एकाच वाटेवर येरझाऱ्या घालत राहतो, डोकं हलवत राहतो. ते पाहिलंस तर हसू नकोस, तो नाचत नाहीये. ती म्हणाली, ‘म्हणजे हे अजून पूर्ण बरोबर नाही?’ मी म्हटलं, नाही. नऊ वर्षांच्या मुलीला एवढं खरं पचतं. उलट ‘ते मजेत आहेत’ असं सांगून आपण तिचे डोळे बंद करतो.

साडेबाराला पाय थकले की झाडांकडे वळायचं. राणीची बाग आधी बाग आहे, प्राणी मागाहून आले. पश्चिम भारताच्या शेती आणि बागायत मंडळीनं ती उभारली. डॉ. जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी लाड ही त्यामागची ठळक नावं. दोघेही डॉक्टर, दोघांनाही झाडांचा आणि जुन्या वस्तूंचा नाद. आज तिथं तीन हजारांच्या आसपास झाडं आहेत. आफ्रिकेतली गोरखचिंच तिच्या सुजल्यासारख्या बुंध्यानं लगेच ओळखू येते. लालसर झुबक्यांची उर्वशी फुललेली सापडली तर पाहून घ्यावी. आणि सीतेचा अशोकही पाहावा. इमारतींच्या कडेला सरळसोट उभा असतो त्याला आपण अशोक म्हणतो, तो खरा अशोक नव्हे. खऱ्याला केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ येतात. अम्मीला सावलीत बसायचं होतं, ते इथं झालं. चादर अंथरली, धाकटा तिच्या मांडीवर झोपला आणि जावयानं अर्धा तास कुणालाही कुठे चला म्हटलं नाही. सहलीत असा अर्धा तास मुद्दाम लिहून ठेवावा लागतो, आपोआप तो मिळत नाही.

अंगात त्राण उरलं असेल तर शेजारीच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. १८७२ साली ते लोकांसाठी उघडलं. मुंबईतलं हे सर्वांत जुनं संग्रहालय, आणि २००८ साली ते दुरुस्त होऊन पुन्हा झळाळू लागलं. त्याचीही सुट्टी बुधवारीच. आत जायचं नसेल तरी आवारातला दगडी हत्ती मुलांना दाखवा. घारापुरी बेटावर हा हत्ती होता, त्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ साली तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तो कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे इथं आणले आणि १९१४ साली पुन्हा जोडले. आणि ज्या पुतळ्यावरून फोर्टातल्या काळा घोडा भागाला नाव मिळालं, तो घोड्यावरचा राजपुत्रही १९६५ साली तिथून हलवून इथंच आणला गेला. म्हणजे या बागेतले काही रहिवासी असे आहेत, की त्यांना न खायला लागतं, न झोपायला. म्हाताऱ्या माणसांना या दगडी, धातूच्या जनावरांजवळ बसायला आवडतं. त्यांच्या तरुणपणापासून ती तशीच आहेत.

दीडच्या आत बाहेर पडावं. काही पाहायचं राहिलं असेल तर राहू द्यावं. मुलं म्हणतील, हत्ती? अस्वल? त्यांना सांगावं, पुढच्या खेपेला. ज्या ठिकाणी काही पाहायचं राहतं, तिथं माणूस पुन्हा जातो. घरी आल्यावर जेवताना प्रत्येकानं आपल्याला दिसलेली एकेक गोष्ट सांगायची, असं आमच्याकडे ठरलेलं आहे. त्यात शाळेतल्या निबंधासारखं काही नसतं. धाकटा म्हणाला, पेंग्विन कपडे बदलत होता. थोरलीनं येरझाऱ्यांविषयी काहीच सांगितलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तिनं बाल्कनीतल्या शेजाऱ्यांच्या पोपटाकडे बोट करून, त्याचा पिंजरा किती फूट आहे, असं विचारलं.

तेव्हा येत्या रविवारी, किंवा त्याहून बरं म्हणजे येत्या गुरुवारी, एक कागद घ्या. घरात जितकी माणसं आहेत, तितक्यांना विचारा, तुम्हाला काय पाहायचंय? मुलं पटापट सांगतील. घर राखतो म्हणणाऱ्या माणसाला मात्र दोनदा विचारा. पहिल्या खेपेला ते ‘मला काय करायचंय’ असंच म्हणतं. दुसऱ्या खेपेला नाव सांगतं. ते नाव कागदावर सगळ्यांत वर लिहा आणि गोळ्यांची डबी पिशवीत आठवणीनं टाका.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)